इसोगाईची धाव

१२ सप्टेंबर, रविवार

कंबर धरली आहे. बेसबॉलचे अकरा डाव कॅचरच्या पाठीमागे गुडघे वाकवून उभं राहायचं, आणि तेही भर उन्हात. स्टँडवरचं लोखंडी छप्पर सरकारने लढाईसाठी उतरवून नेल्यापासून मैदानात सावली औषधालासुद्धा उरलेली नाही.

कॅचर, पिचर, सेफ, आऊट. या वहीत तरी शत्रूची भाषा, इंग्रजी, चालेल, माझी वही वाचायला कोण येतंय? मैदानावर मात्र आता 'सेफ'ला 'ठीक!' आणि 'आऊट'ला 'माघार!' ओरडायचा हुकूम आहे. पंच म्हणून सगळा जन्म 'आऊट' ओरडण्यात गेला, आता म्हातारपणी जिभेला नवं वळण लावतोय.

आज सेत्त्सु संघ विरुद्ध मिकावा संघ. आधी नेहमीचे सोपस्कार झाले. राजवाड्याच्या दिशेने वाकून नमस्कार, मग दोन्ही संघांची हातबॉम्ब फेकण्याची शर्यत. तिसऱ्या बेसमागे पांढऱ्या झग्यातले जखमी सैनिक ओळीने बसवले होते. मग भोंग्यावरून जाहीर झालं की सेत्त्सुच्या इसोगाईला लाल कागद आला आहे, परवा तो पलटणीत दाखल होणार, आजचा त्याचा शेवटचा सामना. पोरगं टोपी काढून चारी दिशांना वाकलं. बावीस वर्षांचं. लढाईवर गेलेल्या आमच्या पोराच्या, शुनजीच्याच वयाचं, पण शुनजीपेक्षा बुटकं.

सामना कसला, नुसती ओढाताण. चेंडू पुन्हा पुन्हा शिवलेले, आत काय भरतात देव जाणे; कितीही जोरात मारा, ओल्या चिंध्यांच्या बोळ्यासारखा पुढ्यातच पडतो. नऊ डाव झाले, शून्य-शून्य. दहावा झाला, शून्य-शून्य. लढाई अर्धी सोडायची नसते, तसा सामनाही बरोबरीत सोडायचा नाही असा नियम आहे, त्यामुळे खेळा पडेपर्यंत.

अकराव्यात सेत्त्सुचे दोन गडी बाद, इसोगाई दुसऱ्या बेसवर. पुढच्याने उजवीकडे मारला आणि इसोगाई डोकं खाली घालून जो सुटला तो तिसऱ्या बेसवर थांबलाच नाही. चेंडू आला. मिकावाचा कॅचर कुरामोतो घराची पाटी, म्हणजे धाव पुरी होते तो शेवटचा बेस, अडवून गुडघ्यावर बसलेला; पाटीला शिवायच्या आत अंगाला चेंडू लागला की गडी बाद. इसोगाई घसरत आला, धुळीचा लोट उठला.

मी हात पसरले. "ठीक!"

सगळं मैदान उठून उभं राहिलं. जखमी सैनिकांतला एकजण कुबडी उंचावून नाचत होता. एका धावेने सेत्त्सु जिंकले.

कुरामोतोने मास्क काढला, माझ्याकडे पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. पूर्वीचा काळ असता तर छातीला छाती भिडवून भांडला असता. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. आता पंचाशी वाद घालायला बंदी आहे, पंचाचा शब्द म्हणजे अधिकाऱ्याचा हुकूम. माझं म्हणणं, ही एक गोष्ट तरी सरकारने बरी केली.

घरी आलो तर बायकोने, तोमेने, शुनजीचं ताट मांडून ठेवलं होतं. दूर गेलेल्याचं ताट रोज वाढायचं आणि वाटीच्या झाकणाला आतून थेंब दिसले की माणूस सुखरूप आहे म्हणायचं. "बघा, आजही थेंब आहेत," ती म्हणाली. गरम सारावर झाकण ठेवलं की थेंब येणारच, पण हे मी तिला कधी बोलून दाखवत नाही. मार्चपासून त्याचं पत्र नाही.

इसोगाई सेफ होता. अगदी स्पष्ट सेफ. धुळीतसुद्धा मला दिसतं. लोक मला 'घार' म्हणतात ते काही उगाच नाही.

१३ सप्टेंबर, सोमवार

वर्तमानपत्रात फोटो आला आहे. इसोगाई पाटीवर पालथा, वर माझे पसरलेले हात. गल्लीच्या मंडळाचे प्रमुख मुद्दाम दारात येऊन म्हणाले, "निशिगोरीसान, काय तो निकाल! डोळे भरून आले हो."

हात्ता आला होता. माझ्या आधीपासूनचा पंच, आता गुडघ्यांमुळे घरी बसलेला. फोटो नाकाशी धरून बघत बसला. मग म्हणतो, "हेइसुके, खरं सांग, डोळ्यात धूळ गेली होती की पाणी?"

"दोन्ही नाही. तुला हेवा वाटतोय."

"वाटतोय ना. मला आयुष्यात कुणी टाळ्या दिल्या नाहीत. पंचाला टाळ्या मिळाल्या की समजावं काहीतरी गडबड आहे."

म्हातारा तोंडाचा पहिल्यापासून फटकळ आहे. त्याला चहा दिला नाही.

सेफ होता.

१४ सप्टेंबर, मंगळवार

इसोगाईला निरोप द्यायला स्टेशनवर गेलो. मी का गेलो कोण जाणे, पंच कधी जात नाहीत. झेंडे, ढोल, घोषणा. त्याच्या गळ्यात आडवा पट्टा, त्यावर नाव. बाप तोफू विकतो, ठेंगणाठुसका माणूस. माझ्यासमोर इतका वाकला की त्याची मान मागून दिसली. म्हणाला, "पोराला जाताना मान मिळाला तो आपल्यामुळे."

मी म्हटलं, "मी काय केलं? दिसलं ते बोललो."

इसोगाई बापाच्या मागे उभा होता. मान वर करेना. विनयशील पोरगा. गाडी सुटायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "पंचसाहेब, कुरामोतोदादा भेटले तर एवढं सांगाल? म्हणावं, मांडी अजून ठणकतेय."

घसरत आल्यावर मांडी सोलवटणारच, ते समोरच्या संघाच्या कॅचरला कशाला कळवायचं? लढाईला निघालेलं पोर, काय बोलतं त्याचं त्यालाच ठाऊक नसणार. मी बरं म्हटलं.

१७ सप्टेंबर

सामना नाही. रेशनला रताळी. तोमे म्हणते, मी झोपेत "ठीक आहे, ठीक आहे" असं बडबडतो. तिला वाटलं मला शुनजीचं स्वप्न पडलं. त्या आनंदात तिने दोन घरी जाऊन सांगितलं. मी रागावलो. उगाचच रागावलो.

रविवारच्या सामन्याबद्दल यापुढे काही लिहिणार नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

लिहितोच.

आज मिकावाचा सामना माझ्याकडेच होता. पाटीमागे कुरामोतो नव्हता. त्याच्या जागी एक नवशिका, चेंडू हातमोज्यात कमी आणि माझ्या पोटावर जास्त. कुरामोतो बाकाच्या टोकाला बसलेला, डावा गाल निळा. मी पहिल्या बेसच्या पंचाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? त्या दिवशी उएमात्सुने सगळ्या संघाला उभं करून त्याच्या थोबाडीत दिली. म्हणे चेंडू हातात येऊन वाट बघत होता आणि हा झोपला होता काय!"

उएमात्सु म्हणजे त्यांचा प्रशिक्षक. हाताने तापट आहे, पण डोळ्यांनी आंधळा नाही. चेंडू आधी आला हे बाकावरून त्याला दिसलं होतं. मग पंच सेफ म्हणतोय म्हणजे कॅचरने चेंडू लावायला उशीर केला, दुसरं काय असणार? पंच खोटं बोलेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता हा शब्द लिहिलाच आहे तर पुढचंही लिहितो. इसोगाई आऊट होता. चेंडू आधी आला. कुरामोतोने हातमोजा खाली आणला आणि इसोगाईचा पाय पाटीपासून वीतभर लांब असताना त्याच्या मांडीवर आपटला. आवाज झाला. तो आवाज मी ऐकला, हातमोजा मांडीवर पाहिला. धूळ नंतर उडाली.

धुळीत पोराचा चेहरा दिसत नव्हता. नुसतं एक पोरगं धडपडत घराकडे येत होतं. त्या क्षणी माझ्या तोंडात वेगळंच काहीतरी आलं होतं. ते काय, ते इथे लिहीत नाही. हात मात्र आपोआप पसरले.

मला वाटलं होतं, कुणाचं काय जातंय? मिकावा एक सामना हरतील. गुणांच्या तक्त्यात त्यांची जागाही बदलणार नव्हती. कुणाच्या तरी गालावर ही धाव लिहिली जाईल असं वाटलं नव्हतं.

आणि मांडी ठणकतेय. आत्ता कळतंय मला तो निरोप. घार म्हणे! लाज वाटते.

२० सप्टेंबर

आज घरातून बाहेर पडलो नाही. गल्लीचे प्रमुख तो फोटो मागायला आले, शाळेत लावायचा म्हणे. मी झोपलोय असं तोमेकडून सांगितलं. आता तिलाही खोटं बोलायला लावलं.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

हात्ता काठी टेकत आला. यावेळी चहा दिला.

"कुरामोतोला संघातून काढला," तो म्हणाला.

मिकावाला माणसं कमी करायचीच होती, सगळ्याच संघांना करायची आहेत. पहिलं नाव त्याचं निघालं. संघात आहे तोवर माणूस संघाच्या कारखान्यात नावाला काम करतो, रविवारी खेळतो आणि घरी बायकापोरांत राहतो. संघातून निघाला की दुसऱ्या दिवशी सक्तीच्या मजुरीचा पांढरा कागद. कुरामोतोला तो आलासुद्धा. क्युशूतली कोळशाची खाण. तीन तारखेची गाडी.

"बायको आहे, एक पोर चालतं, एक पाठीवर," हात्ता म्हणाला. मग पेला बाजूला सारला. "तू जाऊन बोलणार असशील तर आजच जा. आणि बोलणार नसशील तर मला काही सांगू नकोस, मला झोप येत नाही आधीच."

मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं.

२५ सप्टेंबर, शनिवार

काल धीर झाला नाही, आज गेलो. उएमात्सु संघाच्या वसतिगृहात राहतो. मला बसायला चटई दिली, चहा ओतला. मी न घेता सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे चूक झाली तुमची," तो म्हणाला.

"चूक नाही. मला नीट दिसलं होतं. दिसलं एक आणि बोललो दुसरंच."

त्याने पेला खाली ठेवला. "चूक म्हणाला असतात तर बरं झालं असतं हो."

मी म्हटलं, कुरामोतोला परत घ्या. मी वर्तमानपत्रात सांगतो, बेसबॉल मंडळात सांगतो, माझी पंचगिरी गेली तरी चालेल.

"तुमच्या पंचगिरीचं मी लोणचं घालू?" आवाज चढला त्याचा. "इसोगाईच्या बापाने तो पेपर देवघरात ठेवलाय. रोज दिवा लावतो त्याच्यापुढे. त्याला जाऊन काय सांगू, तुमच्या पोराला पंचाने भीक घातली? आणि कुरामोतोच्या मी अख्ख्या संघासमोर थोबाडीत मारली. ती परत कशी घ्यायची ते सांगा, मग घेतो."

"माझ्या मारा. सगळ्यांसमोर."

"तुम्हाला मारून तुम्हालाच बरं वाटेल. म्हणून नाही मारणार."

त्याने कुरामोतोला बोलावून घेतलं. तो आवरासावर करायला तिथे आलाच होता. दारात गुडघ्यांवर बसला. मी म्हटलं, "कुरामोतो, त्या दिवशी तुझा चेंडू वेळेवर लागला होता. मी आत्ता यांना तेच सांगतोय."

"नाही, उशीर झाला माझा," कुरामोतो म्हणाला.

"नव्हता झाला."

"झाला, पंचसाहेब. तुम्ही 'ठीक' म्हणालात ना? मग झाला." आणि कपाळ चटईला टेकवलं.

उएमात्सु खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटतं त्याला सुटल्यासारखं झालं असावं.

कुरामोतो मला फाटकापर्यंत सोडायला आला. वाटेत मी त्याला इसोगाईचा निरोप दिला. तो हसला. त्या सामन्यानंतर त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"ठणकणारच. चांगला सणसणीत लावला होता." मग म्हणाला, "चेंडू लावल्यावर हात वर करून पंचाला दाखवायचा असतो. पोरासोरांनाही आपण हे शिकवतो. मी नाही दाखवला."

"का?"

"पोरगं पाटीवर हात ठेवून पडलं होतं. हसतंय की रडतंय कळेना. म्हटलं, जाऊ दे. मग वर बघतो तर तुमचे हात पसरलेले. म्हटलं, घ्या, हेही आमच्यातलेच निघाले!"

लिहायला शरम वाटते, पण ते ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे मी एकटा नव्हतो. धाव आम्ही दोघांनी मिळून दिली होती, आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. ट्रामच्या थांब्यापर्यंत मी चक्क ताठ मानेने चालत गेलो. आपण काहीतरी मोठं केलं असं वाटत होतं.

ट्राममध्ये बसल्यावर आठवलं की दोघांपैकी खाणीत एकटाच जाणार आहे. गेल्या दोन आठवड्यांत जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या ताठ मानेची वाटली.

३० सप्टेंबर

बेसबॉल मंडळाला कळवलं की यापुढे मला सामने देऊ नका. कारण विचारलं तर डोळे अधू झाले असं सांगितलं. खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून आणखी एक खोटं. तोमेला वाटतंय मला खरंच दिसत नाही. जेवताना मासळीचे काटे काढून देते. मी गप्प बसून खातो.

३ ऑक्टोबर, रविवार

स्टेशनवर जाऊन आलो.

पांढऱ्या कागदाला झेंडे नसतात, ढोल नसतात. फलाटाच्या टोकाला कुरामोतो, पायाशी एक गाठोडं आणि शेजारी बायको हात्सुए. लहान मूल तिच्या पाठीशी बांधलेलं, झोपलेलं. मोठ्याला शेजारणीकडे ठेवून आली होती. मी ठरवलं होतं, एक पुडी तंबाखू द्यायची, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं.

मला पाहताच तीच पुढे आली आणि कमरेतून वाकली. पाठीवरचं मूल एका अंगाला कललं तरी वर उठेना.

"पंचसाहेब, यांच्यामुळे तुम्हालाही किती ऐकून घ्यावं लागलं असेल. पंचाने बरोबर दिलं की नाही, असं लोक विचारत होते म्हणे. उशीर यांनी केला आणि बोट तुमच्याकडे. यांच्या वतीने मी माफी मागते."

मीही वाकलो. ती आणखी खाली वाकली. कुरामोतो तिच्या मागून मला नजरेने सांगत होता: राहू द्या. आणि एवढं सोपं होतं ते! मान हलवायची, "असू दे वहिनी" म्हणायचं, तंबाखू द्यायची.

"आऊट होता," मी म्हणालो.

शत्रूचा शब्द, भर फलाटावर. दोघातिघांनी वळून पाहिलं.

"इसोगाई आऊट होता, वहिनी. यांनी वेळेवर लावला होता चेंडू. मी पाहिलं आणि खोटं बोललो."

"पंचसाहेब!" कुरामोतो ओरडला.

ती सावकाश उठली. मूल सारखं केलं. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, नवऱ्याकडे वळली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

तो रुळांकडे बघत होता.

"दाखवायचा ना मग वर करून. नेहमी दाखवता."

"म्हटलं, जाऊ दे," तो म्हणाला. "लढाईला चाललेलं पोर."

"मला तर म्हणालात, हात मंदावला. वय झालं म्हणालात. रोज संध्याकाळी पाणी तापवून मी तुमचा हात शेकतेय. लाकडं नाहीत घरात, तरी शेकतेय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. चूक सगळी माझी, असंच काहीतरी बोलणार होतो, पण तिने आता माझ्याकडे पाहिलं. आवाज मुळीच चढला नव्हता. बाजारात भाव विचारावा तशी म्हणाली:

"त्या पोराला एक धाव द्यावीशी वाटली, द्यायची. माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही दोघांनी मिळून दिलीत, ती कुणाच्या घरातून दिलीत?"

गाडीला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो.